श्रीरामपूरची जपानी पेटी

वडील गेल्यावर चर्चमधली पायपेटी वाजवायला कुणी उरलं नाही, आणि ही गोष्ट माणसांच्या आधी वाळवीला कळली. पाळकसाहेबांनी पेटी उघडून पाहिली तेव्हा भात्याची चाळण झाली होती. मग मंडळीच्या पंचांची सभा बसली आणि ठरलं की पेटी आमच्या घरी पाठवावी, कारण ती 'तुमच्या वडिलांची आठवण' आहे. मोडकी वस्तू दुसऱ्याच्या दारात टाकण्याची इतकी भक्तिभावाची रीत मी नंतर कुठे पाहिली नाही.

मी तेव्हा श्रीरामपुरात स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. थोरली बहीण लग्न होऊन नगरला गेली होती. घरात आम्ही दोघंच, आणि आता ही पेटी. भाता गेला होता, लाकूड गेलं होतं, पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या शाबूत होत्या. वडिलांची बोटं फिरून फिरून मधल्या पट्ट्यांना खळगे पडले होते. त्या टाकवेनात.

दुकानात रद्दीबरोबर आलेल्या एका इंग्रजी रेडिओच्या मासिकात विजेवर चालणाऱ्या पेटीचं सर्किट होतं. भाता नाही, हवा नाही. प्रत्येक सुराला आपलं वेगळं सर्किट, पट्टी दाबली की ते चालू होणार आणि आवाज कर्ण्यातून येणार. मला वेडच लागलं. ट्रान्झिस्टर आणायला मी पुण्याच्या जुन्या बाजारात खेपा घातल्या, फेकलेल्या रेडिओंचे सुटे भाग जमवले, चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी ठोकली आणि तिच्यात वडिलांच्या पट्ट्या बसवल्या. जेवायचं टेबल मी अडवल्यामुळे आम्ही मायलेकरं जमिनीवर बसून जेवू लागलो. पहिला सूर निघाला तेव्हा आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मांजर कुठंतरी अडकलंय बघ."

पुढे त्या मांजराचे चांगले सूर झाले. बासरीसारखा एक, सनईच्या जवळपास जाणारा एक, आणि कुठल्याच ओळखीच्या वाद्यासारखा नसलेला, खाली घुमणारा एक. तो शेवटचा मला सगळ्यांत आवडायचा. दोष एकच होता. ऊन तापलं की सूर चढायचे आणि सगळे सारखे चढायचे नाहीत. श्रीरामपुरात ऊन तापत नाही असे महिने किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

पहिल्यांदा मी चर्चकडेच गेलो. पंचांतले एक गृहस्थ पेटीभोवती फिरून म्हणाले, "देवाच्या घरात करंट नको." चर्चमध्ये दिवे होते, पंखे होते, पाळकसाहेबांचा माईक होता. पण तो करंट बहुधा बाप्तिस्मा झालेला असावा.

मग एका नावाजलेल्या बँडच्या मालकाकडे गेलो. त्यांनी पूर्ण गत ऐकली. आवाज त्यांना पटला, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "ह्यात फुंकायचं कुठून?"

"फुंकायचं नाही. बोटांनी वाजतं."

"मग न्हाई जमायचं. लग्नवाल्याला वाजवनारा दिसला पाहिजे. गाल फुगले पाहिजेत, घाम आला पाहिजे. तू आपला टायपिस्टवानी बसनार. लोकं म्हनतील, ह्यो बसून काय करतो?"

निदान त्या माणसानं खरं तरी सांगितलं. पुढे भेटले ते तेवढंही नाही.

नगरला तेव्हा एक ऑर्केस्ट्रा होता. त्याचा मालक म्हणजे स्वतःच्या वडिलांनी कापडाच्या दुकानात बसू दिलं नाही म्हणून संगीताकडे वळलेला इसम. सा आणि पा यांतला फरक त्याला कळत नव्हता, पण पडद्याचा रंग आणि गायिकेच्या साडीचा रंग यांतला सूक्ष्म भेद तो लांबून ओळखायचा. पांढरे बूट घालायचा. मी पेटी घेऊन माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो आणि हमालाच्या मदतीनं त्याच्या तालमीच्या खोलीत पोचलो. त्यानं ऐकलं, पेटीकडे पाहिलं, आणि खेदानं मान हलवली.

"मास्तर, आवाज फर्स्ट क्लास आहे. पण खोका फार मराठी दिसतो."

पुढच्या आठवड्यात खोक्याला काळं रेक्झिन बसलं. त्यावर सोनेरी रंगात अगम्य अक्षरं आली. नगरच्या एका पेंटरनं ती मालकाच्या घरातल्या जपानी कपाच्या बुडावरून उतरवली होती. मी विचारलं, "हे काय लिहिलंय?" मालक म्हणाला, "जपानी आहे." त्या अक्षरांचा अर्थ 'बशी वेगळी मिळेल' असाही असेल. जिल्ह्यात सांगणारं कुणी नव्हतं.

पहिल्याच कार्यक्रमात मालकानं माईकवरून सांगितलं, "रसिकहो, खास टोकियोहून आणलेलं विजेचं वाद्य, आपल्या जिल्ह्यात प्रथमच!" मी पडद्यामागे त्याला गाठलं. म्हटलं, "मालक, हे खोटं आहे. मी बनवलंय हे."

"मला ठाऊक आहे ना तुम्ही बनवलंय," तो समजूत घालत म्हणाला. "त्यांना कशाला ठाऊक पाहिजे? आणि एक करा, तुम्ही स्टेजवर बोलू नका. नुसतं हसा."

म्हणजे पेटीबरोबर मीही जपानचा झालो. मला टाय मिळाला. राहुरी, कोपरगाव, संगमनेर, नेवासा, जिथं जाऊ तिथं कार्यक्रमाआधी लोक पेटी बघायला स्टेजवर चढायचे. कुणी हात लावायचं नाही. लांबूनच एकमेकांना सांगायचे, "जपानी हाय. आपोआप वाजतं. ह्यो निस्ता बसायला ठेवलाय." मी वडिलांकडून शिकलेली बोटं पट्ट्यांवर फिरवत हसत बसायचो.

एका साखर कारखान्याचा कार्यक्रम मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. हंगाम संपला म्हणून भर उन्हाळ्यात, भर दुपारी मांडव घातला होता. वर तापल्या पत्र्यासारखं ऊन आणि खाली रेक्झिनचं काळं खोकं. तिसऱ्या गाण्यापर्यंत पेटीचे सूर असे काही फाकले की गायिका गाता गाता माझ्याकडे भीतीनं बघू लागली. समोर पहिल्या रांगेत चेअरमनसाहेब, त्यांच्या शेजारी कॉलेजातले एक प्राध्यापक. मला वाटलं, आता खुर्च्या येणार अंगावर.

मालकानं माईक हिसकावला. "रसिकहो, आपल्या कानांना हे सूर थोडे वेगळे वाटतील. पण जपानमध्ये सूर असेच लावतात!"

टाळ्या पडल्या. खोटं सांगत नाही, कडाडून पडल्या. चेअरमनसाहेबांनी मान डोलवली, त्यामुळे मागच्या सगळ्या रांगांनी डोलवली. कार्यक्रमानंतर प्राध्यापक स्टेजवर आले आणि जपानी संगीतात दोन सुरांच्या मधला सूर कसा असतो, हे मला समजावून सांगू लागले. मला बोलायला बंदी होती, म्हणून मी हसलो. ते म्हणाले, "बघा, याला कळलं." चेअरमनसाहेबांनी तेवढ्यात मालकाला विचारलं, "जपानात ऊस होतो का हो?"

त्या दिवसापासून बेसूर वाजण्याची मला भीती उरली नाही. श्रोत्यांची मात्र उरली. ज्यांना टाळ्या कशावर वाजवायच्या हे आधी सांगावं लागतं, ते उद्या कशावरही वाजवतील, असं सारखं वाटायचं.

मग श्रीरामपूरचा कार्यक्रम ठरला. व्यापाऱ्यांचा मेळावा होता, थिएटरात, संध्याकाळी. मी मालकाला सांगून पाहिलं की तिथं मला घरोघर ओळखतात, अर्ध्या गावाचे रेडिओ माझ्या हाताखालून गेलेत. तो म्हणाला, "टाय घातल्यावर कोण ओळखतंय?" पडदा वर गेला, मालकाचं टोकियो सुरू झालं, पहिलं गाणं वाजवून झालं, आणि तिसऱ्या रांगेतून एक किराणा दुकानदार उभा राहिला.

"अरे ए! माझा रेडिओ कधी देतोस?"

थिएटर हसून लोटपोट झालं. मालक माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होता, हसा, हसा. माझं हसून झालं होतं. मी उठलो, त्याच्या हातातून माईक घेतला आणि म्हणालो, "रेडिओ परवा मिळेल. आणि ही पेटी जपानची नाही. मी बनवलीय, इथंच, आमच्या घरातल्या जेवायच्या टेबलावर. पट्ट्या माझ्या वडिलांच्या पायपेटीच्या आहेत. वडिलांना तुम्ही ओळखता."

मला वाटलं होतं, आता लोक उठून उभे राहतील. गावचं पोर, गावची पेटी. आई मागे बायकांत बसली होती, तिला बरं वाटेल असंही वाटलं होतं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. फसवलं गेल्यावर बघतात तसे. मग कुणीतरी निवांतपणे म्हणालं, "तरीच म्हटलं, बेसूर का वाजतंय."

थंडीचे दिवस होते. पेटी त्या संध्याकाळी इतकी सुरात होती, जितकी ती आयुष्यात फार थोड्या वेळा होती.

मालकानं मला तिथंच, पडद्यामागे कामावरून काढलं. "मास्तर, तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात," तो म्हणाला आणि टाय परत मागून घेतला. घरी, दाराशी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "वडिलांचं नाव तिथं घ्यायला नको होतं. त्या लोकांत."

दुसऱ्याच रविवारी नगरहून दाजी आले. दाजी नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर होते आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एमआयडीसी हे औषध होतं.

"साहेबाला सांगून ठेवलंय," ते म्हणाले. "पंपाच्या मोटरी जोडायच्या. वायरिंग तुला येतंच. पेटी काय, संध्याकाळी वाजव की घरात."

"दाजी, मोटर मी जोडीन. पण मग संध्याकाळी वाजवायला अंगात काही राहणार नाही."

"बाकीच्यांच्या अंगात राहतं ते?"

"बाकीचे वाजवत नाहीत."

दाजींनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जाऊ द्या त्याला कुठंही. फक्त माझं टेबल मोकळं कर म्हणावं." तिच्या बोलण्याचा अर्थ दाजींनी त्यांच्या बाजूनं लावला आणि मी माझ्या. मी टेबल मोकळं केलं, पेटी कॉटखाली ठेवली, आणि एकटा कार्यक्रम शोधायला लागलो.

दिवसा दुकान, सुट्टीच्या दिवशी एसटी. सायकलच्या कॅरिअरवर पेटी मावत नव्हती, एसटीत कंडक्टर ती टपावर टाकायला लावायचा आणि टपावरच्या उन्हात माझे सूर निम्मे वाटेतच संपायचे. शाळांचे हेडमास्तर म्हणायचे, स्नेहसंमेलनाला या, पण पोरांच्या नाचामागं वाजवा आणि पोरं चुकली तर तुम्हीही चुका. लग्नघरची माणसं म्हणायची, "बीन वाजती का ह्यात?" सिनेमात नागीण नाचते तेव्हा वाजते ती बीन. वाजायची. बाकी पंधरा गोष्टी वाजायच्या, त्या कुणाला नको होत्या. वरातीत मी बीन सुरू केली की नवऱ्याचे मामा तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळायचे. कपडे मळायचे, गुडघे सोलायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच मामा पंगतीत बसून पोरींना चांगल्या वळणाचं महत्त्व सांगायचे. त्या लोळण्याला दाद म्हणायचं असेल तर मला दाद पुष्कळ मिळाली.

मग दुष्काळ पडला. लग्नं पुढे गेली किंवा हार घालून उरकली. मामा मंडळी खडी फोडायला गेली. अशात पारनेरच्या बाजूनं एका सरकारी अधिकाऱ्याचा निरोप आला. दुष्काळी कामावर मोठे साहेब पाहणीला येणार होते, आणि कामाबरोबर मजुरांचं मनोरंजनही होतं हे त्यांना दाखवायचं होतं. तमाशा बरा दिसला नसता आणि भजन शिळं झालं असतं, म्हणून विजेची पेटी.

मी गेलो. कुठंही गेलो असतो तेव्हा.

माळ उजाड होता. तलावाच्या बांधाचं काम चाललं होतं, आणि एका बाजूला खडीचे ढीग, त्यांच्यामागं बाया. साहेबांसाठी ताडपत्री बांधली होती. बायांना कामावरून उठवून उन्हात ओळीनं बसवलं होतं. करंटची सोय म्हणून पाण्याच्या टँकरच्या बॅटरीला माझी वायर जोडली होती. टँकरचा ड्रायव्हर चाकाला टेकून बसला होता. अधिकारी मला म्हणाला, "उत्साह वाटेल असं काहीतरी वाजवा."

मी वाजवलं. त्या ओळीत एकाही चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, टँकरकडे बघत होत्या. बॅटरी जुनी होती, आणि खोकं तापलं होतं. वरचे सूर आधी फाकले, मग एकेक करून गेलेच. शेवटी खालचा तो घुमणारा सूर तेवढा राहिला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. मी तेवढाच धरून बसलो, कारण दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

अधिकारी दातांतल्या दातांत म्हणाला, "बंद करा ते."

पुढच्या ओळीतली एक बाई बोलली. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं, पदराखाली झाकलेलं. "ऱ्हाऊ द्या भाऊ तसंच. सकाळधरनं रडत हुतं. आत्ता डोळा लागलाय."

मी बोट उचललं नाही. शेजारची एक म्हातारी गुडघ्यावर डोकं टेकून बसली. तिच्या पलीकडची पण. हळूहळू सगळी ओळच गप्प आणि सैल झाली. बोट दुखायला लागलं तरी मी पट्टी धरून होतो. ज्या सुरासाठी मी सगळ्यांत जास्त रात्री घालवल्या होत्या, तो पहिल्यांदाच कुणीतरी मागत होतं.

मोठ्या साहेबांनी ताडपत्रीखालून विचारलं, "हे काय, ध्यान वगैरे आहे का?"

"होय सर," अधिकारी म्हणाला. "ध्यान."

"व्हेरी गुड."

तेवढ्यात ड्रायव्हर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, किती वेळ हाय अजून? मला फुडच्या गावाला जायचंय. सकाळचा टँकर न्हाई पोचला. बाया हंडे घिऊन बसल्यात तिथं."

म्हणजे माझ्या पेटीसाठी टँकर अडवून ठेवला होता, पाण्यासकट. मी उठलो आणि बॅटरीवरची वायर काढली. सूर तुटला. पोर जागं होऊन रडायला लागलं. अधिकारी लाल झाला. "कुणी सांगितलं तुम्हाला बंद करायला?"

"तुम्हीच, मघाशी," मी म्हटलं.

टँकर धूळ उडवत गेला. अधिकाऱ्यानं मला ऐकवलं की यापुढं सरकारी कामावर पेटी घेऊन फिरकायचं नाही. मी बरं म्हटलं. पेटी उचलून निघालो तेव्हा ती बाई पोराला खांद्यावर थोपटत म्हणाली, "उद्याच्याला येता का?"

पुन्हा कधी येता, असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "नाही हो, ताई. येऊ देणार नाहीत." ती म्हणाली, "आसूं द्या," आणि हातोडा उचलून खडीकडे गेली.

घरी येऊन मी रेक्झिन फाडून काढलं. आईनं न विचारता खाली वर्तमानपत्र पसरलं आणि दुसरं टोक धरलं. फळ्या घासून, वॉर्निश लावून मी त्यावर स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलं : वाद्य श्रीरामपूर येथे तयार केलेले. अक्षर काही चांगलं आलं नाही. पाऊसपाणी झाल्यावर लग्नं परत निघाली तेव्हा पहिलं बोलावणं जवळच्याच खेड्यातून, आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्याच एका लग्नाचं आलं. मुलीचे वडील पाटी वाचून म्हणाले, "हितलीच हाय व्हय? मग बरंय. मधीच बिगाडली तर दुरुस्त कराया तू हायेस." संगीतावरचा इतका सरळ अभिप्राय मी नगर जिल्ह्यात ऐकला नव्हता. मी तिथं वडिलांची गाणी वाजवली. जेवणं झाल्यावर त्यांनी बीन मागितली, तीही वाजवली.

त्या मोसमात एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. राहाता, नेवासा, बेलापूर, रविवार मोकळा राहीना. दुकान मी अर्धवेळ केलं. दाजी आले की अजून साहेबाचा विषय काढायचे, पण सवयीनं.

एके दुपारी दुकानापुढं पांढरे बूट येऊन थांबले. ऑर्केस्ट्राचा मालक. थोडा वाळला होता. माझ्या जागी घेतलेला अकॉर्डियनवाला मुंबईला पळाला होता.

"मास्तर, झालं गेलं विसरा," तो म्हणाला. "परत या. जपानी आता चालणार नाही, ते मला कळतंय. आपण जर्मन म्हणू."

मी हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "मालक, श्रीरामपूर म्हणणार असाल तर येतो."

त्यानं खरोखर विचार केला. तोंड वाकडं करून, बराच वेळ. मग म्हणाला, "श्रीरामपूर ऐकायला तिकीट कोण काढणार, मास्तर?"

त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं. मी त्याला चहा पाजला आणि स्टँडपर्यंत सोडला. शनिवारी टाकळीभानच्या रस्त्याला एक लग्न होतं, आणि लग्नाच्या मांडवात तिकीट लागत नाही.